मनातलं भात आणि बांधातलं बीळ

खाडीच्या काठी तिवरखार नावाचं गाव होतं. गावाची भातशेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या अंगाला होती. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध होता. बांध नीट असला की भात पिकायचं. त्याला भगदाड पडलं की खारं पाणी आत शिरायचं, आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत काही उगवायचं नाही. अशा भगदाडाला तिथले लोक 'खांड' म्हणत, आणि ते पडलं की 'खांड गेली' म्हणत.

त्या गावात मथुरी नावाची शेतकरीण राहायची. तिचा नवरा हिराजी. दोघं मिळून शेत करत. ओहोटी लागली की मथुरी बांधाच्या कडेनं खेकडे धरायला जाई. हातात पुरुषभर लांबीचा लोखंडी गज, त्याचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं. बीळ दिसलं की गज आत घालायचा आणि खेकडा ओढून काढायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे बांधाची माती कुठे घट्ट आहे आणि कुठे भुसभुशीत, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

एका वर्षी मोठी खांड गेली. शेतं पांढरी पडली. दोन पावसाळ्यांनी मीठ धुऊन नेलं, गावानं खांडही कशीबशी बुजवली, पण माणसांचं मन काही भरून आलं नाही. नांगर धरायला कोणी तयार होईना. "पेरून काय करायचं? पुन्हा तेच होणार," असं म्हणत लोक ओट्यावर बसून राहत.

अशा दिवसांत गावात विश्वंभरबुवा आले. चेहरा हसरा, आवाज गोड. तरुणपणी ते मोठ्या आजारातून उठले होते. 'मी बरा होणार' एवढंच ते अंथरुणावर पडून म्हणत राहिले होते, आणि बरे झाले होते. तेव्हापासून त्यांची ठाम समजूत झाली होती, की माणूस मनात जे धरतो तेच त्याच्याकडे चालत येतं.

त्यांनी गावाला देवळासमोर बसवलं. "डोळे मिटा," ते म्हणाले. "तुमचं शेत भातानं भरलेलं बघा. लोंब्या वाऱ्यावर डोलताना बघा. ते भात तुमचंच आहे, असं मनापासून म्हणा."

लोकांनी डोळे मिटले. कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन वर्षांत त्यांनी हिरवं शेत स्वप्नातही बघितलं नव्हतं. मथुरीनंही ते बघितलं, आणि तिला आतून हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी हिराजीनं माळ्यावरचा नांगर खाली काढला. शेजाऱ्यांनी काढला. गाव बांधावर गेलं, बिळं बुजवली, बांधाला माती लावली, पेरणी केली. त्या वर्षी भात चांगलं आलं.

गावात आनंदीआनंद झाला. गावचा धाकू पाटील सगळ्यांसमोर म्हणाला, "बुवा, तुमच्या ध्यानानं भात आलं."

नांगर कोणी धरला, बांधाला माती कोणी लावली, हे त्या आनंदात कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

बुवा गावातच राहिले. रोज सकाळी ध्यान होऊ लागलं. मग हळूहळू एक नियम आला. वाईट गोष्टीचं नाव घ्यायचं नाही. चांगल्या विचारानं चांगलं येतं, तर वाईट विचारानं वाईटही येणारच. 'खांड' हा शब्द गावातून गेला. कोणाच्या तोंडून चुकून निघालाच, तर बाकीचे दोन्ही कानांवर हात ठेवत.

अक्षय्य तृतीया झाली की गाव बांधाची पाहणी करत असे. त्या वर्षी पाटलानं ती बंद केली. "बिळं शोधत फिरायचं म्हणजे बिळांचाच विचार करायचा," तो म्हणाला. "बांध भक्कम आहे, असं म्हणा. तो भक्कमच राहील."

वैशाखातल्या एका सकाळी मथुरी खेकड्यांना गेली होती. उघाडीजवळ, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायच्या दाराजवळ, तिला एक बीळ दिसलं. तिनं गज आत घातला. गज जात राहिला. तिचा हात खांद्यापर्यंत चिखलात गेला, तरी टोक कशाला लागेना.

ती तशीच चिखलानं भरलेली पाटलाच्या अंगणात गेली.

"पाटील, उघाडीजवळ बांध पोखरलाय. आत्ताच बुजवला नाही तर पावसाळ्यातल्या उधाणाला खांड जाईल."

पाटलाचा चेहरा उतरला. "मथुरी, तोंड आवर. असलं बोलून तू ते गावावर ओढवून आणशील."

"बीळ माझ्या बोलण्यानं पडलेलं नाही. खेकड्यानं पाडलंय."

"उद्यापासून ध्यानाला येऊन बस," पाटील म्हणाला. "मन साफ कर. बीळ दिसायचं बंद होईल."

घरी हिराजीही रागावला. "सगळं गाव एका बाजूला आणि तू एकटी दुसऱ्या बाजूला. मला चारचौघांत मान वर करता येत नाही."

मथुरी हट्टी नव्हती. तिनं विचार केला, पहिल्या ध्यानाच्या दिवशी मलाही बळ आलंच होतं. कदाचित बुवांचं खरं असेल, आणि खोट माझ्याच मनात असेल. मग नुसतं नाही कशाला म्हणायचं? करूनच बघू.

ती नऊ दिवस ध्यानाला बसली. अगदी मनापासून बसली. डोळे मिटून तिनं उघाडीजवळचा बांध बघितला, घट्ट, गुळगुळीत, एकही भोक नसलेला. नऊ दिवस ती बांधाकडे फिरकली नाही. खांडीचं नाव मनातही आणलं नाही.

दहाव्या दिवशी ओहोटीला ती गज घेऊन गेली. बिळाचं तोंड आता रुंद झालं होतं. तिनं गज आत सारला आणि बांधावर चढून शेताच्या बाजूला बघितलं. भाताच्या वाळक्या धसकटांमधून गजाचं टोक बाहेर आलं होतं.

मथुरी तिथेच बांधावर बसली. तिला बुवांचा राग आला नाही. भीती मात्र वाटली. बांधापलीकडे खाडी होती, आणि गावानं मनात काय धरलंय हे खाडीला ठाऊक नव्हतं.

मग ती उठली. साडीचा काचा मारला, पाटी घेतली आणि चिखल उपसायला लागली.

ते बीळ बुजवायला तिला चार दिवस लागले. चिखलात पेंढा कालवायचा, गोळे करायचे, गजानं ठोकून आत दाबायचे. ते झालं तेव्हा पंधरा पावलांवर दुसरं सापडलं. मग तिसरं. जेवढं शोधावं तेवढी सापडत गेली. रोज दोन ओहोट्या, त्यातली उजेडात येईल ती तिची. हाताची सालटं निघाली. बायका पाणवठ्यावर तिला बघून घागरी उचलून निघून जाऊ लागल्या. ध्यानाला बसायला गेली तर पाटलानं तिला परत पाठवलं. "तू बसलीस की सगळ्यांचं मन गढूळ होतं," तो म्हणाला.

या काळात तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. 'आता काही खरं नाही' असं म्हणत ती ज्या दिवशी घराबाहेर पडे, त्या दिवशी दहा-बारा पाट्यांतच हात गळून जात. आणि ज्या दिवशी डोळ्यांसमोर भरलेलं शेत आणून निघे, त्या दिवशी तीस पाट्या सहज होत. म्हणून ती रोज सकाळी घराच्या दारात क्षणभर थांबून ते शेत बघू लागली. मग पाटी उचलून चालू लागे.

ज्येष्ठात पाऊस लागला. शेतांत भाताची कोवळी रोपं वर आली. ज्येष्ठी पौर्णिमेच्या भरतीला पाटलाच्याच शेताजवळ बांध पाझरला. पाणी फार नव्हतं, पण खारं होतं. दोन दिवसांत पाटलाची रोपं पिवळी पडली.

गाव देवळासमोर जमलं. मथुरीला बोलावणं गेलं. ती आली तेव्हा बुवा बाजूला पारावर बसले होते. पाटील उभा होता, आणि त्याच्या हातात करपलेल्या रोपांची जुडी होती.

"बघ," तो ओरडला. "हे तुझं काम. दीड महिना तू खांडीचा जप चालवलास. तू मनात आणलंस म्हणून पाणी आत आलं!"

"हिला गावाबाहेर काढा," मागून कोणीतरी बोललं. हिराजी गर्दीत खाली मान घालून उभा होता.

मथुरी पाटलासमोर येऊन उभी राहिली.

"पाटील, मी एकटी. तुम्ही दोनशे जण. रोज सकाळी दोनशे माणसं बांध भक्कम आहे म्हणून बसता. माझ्या एकटीच्या वाईट विचारानं बांध पाझरतो, तर तुम्हा दोनशे जणांच्या चांगल्या विचारानं तो का थांबला नाही?"

पाटलानं बुवांकडे बघितलं. बुवा त्याच्या हातातल्या करपलेल्या रोपांकडे बघत होते.

"मी बुजवलेल्या जागा जाऊन बघा," मथुरी म्हणाली. "तिथून थेंब आत आलेला नाही. पाणी आलं ते माझे हात पोचले नाहीत तिथून. अमावास्येच्या उधाणाला तेरा दिवस उरलेत. मला गावाबाहेर काढायचं असेल तर तेही करा. पण आधी बांध बघा."

एवढं बोलून ती बांधाकडे चालती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिखलात वाकली असताना मागून आवाज आला, "बाई, मला एक बीळ दाखवाल?"

विश्वंभरबुवा होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं होतं, आणि पाय चिखलात रुतत होते. मथुरीनं एका बिळात गज घातला आणि त्यांच्या हातात दिला. "आत ढकला," ती म्हणाली. बुवांनी ढकलला. "आता वर चढून पलीकडे बघा."

बुवा बांधावर चढले. रोपांच्या मधून गजाचं टोक बाहेर आलं होतं आणि त्याच्या कडेची रोपं पिवळी पडली होती. ते खाली उतरून आले.

"मी आजारी होतो ना," ते हळूच म्हणाले, "तेव्हा माझी आई रोज दोन कोस चालून वैद्याकडून काढा आणायची. चार महिने. मी ही गोष्ट शंभर गावांत सांगितली. काढा सांगायचा राहून गेला."

"मुद्दाम?" मथुरीनं विचारलं.

"नाही. मलाच आठवत नव्हता. आत्ता आठवला."

मथुरीनं त्यांच्यासमोर रिकामी पाटी सरकवली. "मग गावाला सांगा. माझं कोणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील."

चूक कळणं एक, आणि दोनशे माणसांसमोर ती कबूल करणं दुसरं. बुवांना त्या गावात मान होता, राहायला जागा होती, दोन वेळचं जेवण होतं. गप्प राहून, सामान बांधून दुसऱ्या गावी जाणं त्यांना सहज जमलं असतं. पण ते त्याच चिखलाच्या पायांनी देवळासमोर गेले. लोक ध्यानाला जमलेच होते.

"आज डोळे मिटू नका," बुवा म्हणाले. "मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. मनात भात धरा, हे मी सांगितलं. ते खरं आहे, त्यानंच तुम्ही नांगर उचललात. पण भात आलं ते नांगर उचलल्यामुळे आणि बांधाला माती लावल्यामुळे. बांध पोखरलेला आहे. मी या डोळ्यांनी बघून आलो. मथुरीबाईंवर मी अन्याय होऊ दिला. माझं चुकलं."

पाटील संतापला. "बुवा, तुमचंही मन बाटलं!" तो म्हणाला आणि निम्म्या लोकांना घेऊन निघून गेला. बाकीचे घुटमळले. सगळ्यांत आधी हिराजी बांधावर गेला. बायकोकडे बघायची त्याला लाज वाटत होती. त्यानं तिच्या हातातली पाटी घेतली आणि चिखलात उतरला.

बारा दिवस शंभर माणसं राबली. पावसात माती धरत नव्हती. एकदा लावलेली दोनदा लावावी लागे. तिसऱ्या दिवशी काही जण म्हणाले, आता होत नाही, उधाण यायचं ते येऊ दे. तेव्हा बुवा रांगेत उभे राहिले आणि आपल्या गोड आवाजात म्हणाले, "आश्विनातलं शेत डोळ्यांसमोर आणा. आणलंत? आता हातातला गोळा पुढे द्या." लोक हसले. गोळा पुढे सरकला. त्यानंतर रोज कोणी दमलं की रांगेतून कोणीतरी तसंच म्हणे, आणि हात पुन्हा चालू लागत.

ज्येष्ठी अमावास्येला पाऊस धो धो कोसळत होता आणि पश्चिमेचा वारा सुटला होता. दुपार झाली, तशी खाडी चढू लागली. तिवरांची झाडं शेंड्यांपर्यंत बुडाली. पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली येऊन ठेपलं. लाटा आदळल्या की पायांखाली बांध हलल्यासारखा वाटे.

मथुरीनं बुजवलेली उघाडीजवळची जागा टिकली. पण पाटलाच्या शेताजवळ, जिथे काम अजून अर्धवट होतं, तिथे मातीचा मोठा लगदा खाली घसरला आणि पाणी आत उसळलं.

"खांड!" मथुरी जिवाच्या आकांतानं ओरडली. गावानं टाकून दिलेला तो शब्द घराघरांत ऐकू गेला.

घरात बसलेले लोकही धावत सुटले. त्यांत धाकू पाटील होता. आपल्या शेतात पाणी शिरताना बघून तो क्षणभर थिजला. मथुरीनं पेंढ्याचा भारा त्याच्या अंगावर टाकला. "पाटील, बघत काय बसलात? भारा घेऊन भगदाडात उभे राहा!"

पाटील उभा राहिला. हिराजी उभा राहिला. दहा माणसं हातात हात अडकवून, छातीशी भारे धरून पाण्यात उभी राहिली. त्यांच्यामागे बाकीच्यांनी चिखल, दगड, दारांच्या फळ्या, मिळेल ते रचलं. दोन घटका अशा गेल्या. मग खाडीनं चढणं थांबवलं. पाणी थोडा वेळ तसंच राहिलं आणि हळूहळू उतरू लागलं.

पण सगळं वाचलं नाही. पाटलाचं शेत गेलं. त्याला लागून हिराजी-मथुरीचं शेत होतं, तेही खाऱ्या पाण्याखाली गेलं. गावाची बाकीची सगळी शेतं राहिली.

पाटील चिखलात बसून होता. तो मथुरीला म्हणाला, "तू सगळ्यांचं वाचवलंस. आणि तुझंच गेलं."

"आपल्या दोघांचं गेलं," मथुरी म्हणाली. "पावसानं धुतलं की येईल परत. तोवर खांड नीट बांधून घेऊ. उद्या सकाळची ओहोटी साधायला हवी."

आसपासच्या लोकांनी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं, की जमीन सुधारेपर्यंत दोन्ही घरांना प्रत्येकानं आपल्या खळ्यातून भात द्यायचं. बुवा गावातच राहिले. ध्यान सुरूच राहिलं, फक्त ते आता बांधावर होऊ लागलं. क्षणभर डोळे मिटायचे, मग उघडायचे आणि बिळं शोधत चालायचं.

त्या दिवशी घरी परतताना हिराजीनं पहिल्यांदा तो विषय काढला. "मथुरे, एवढे दिवस तू एकटी त्या बांधावर होतीस. सगळं गाव उलटलेलं. तुला भीती नाही वाटली?"

"रोज वाटायची," मथुरी म्हणाली. "म्हणून तर रोज जात होते."

तात्पर्य: चांगल्या विचारानं हातांना बळ येतं, पण हातांचं काम तो विचार करत नाही. संकटाचं नाव घेतल्यानं संकट येत नाही, आणि नाव टाळल्यानं ते टळत नाही. मनात आशा धरून डोळे उघडे ठेवावेत आणि कामाला लागावं.